शनिवारचे टाके

मी शिवणाची बाई आहे. दोन धागे सोडून तिसऱ्यात सुई, असं मोजत माझा जन्म गेला, त्यामुळे जे मोजता येत नाही ते मी कधी मानलं नाही. या सदरातले अनुभव वाचून मी आमच्या यजमानांना म्हणायची, "लोकांना भलताच रिकामा वेळ आहे हो!" आता मीच लिहायला बसले आहे. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं... पण जे घडलं ते घडलं, आणि त्यात माझी जी चूक झाली ती मला भुतापेक्षा जास्त छळते.

गोष्ट पनवेलची आहे, साधारण चौदा वर्षांपूर्वीची. रेल्वे तेव्हा आली नव्हती, मुंबईला जायचं तर एसटी. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आम्ही दोन खोल्यांत राहायचो. यजमान कचेरीत कारकून, मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. घरात तिसरं माणूस नाही, मांजरसुद्धा नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे प्रत्येकजण पहिल्यांदा मांजराचंच नाव घेतो.

शाळेखेरीज माझा एक उद्योग होता. जुन्या पिढीतल्या बायकांनी शाळेत असताना फुलीच्या टाक्यात — क्रॉस स्टिचमध्ये — भरलेली नमुन्याची कापडं तेव्हा बऱ्याच घरांत असायची. वर इंग्रजी ए ते झेड, मग आकडे, मग एक घर, दोन पोपट, आणि तळाला भरणारीचं नाव. वर्षानुवर्षं भिंतीवर राहून त्यांची चाळण व्हायची. मग लेकीसुना ती माझ्याकडे आणायच्या आणि मी धागा न् धागा मोजून तशीच दुसरी करून द्यायची.

खरं सांगते, मला पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू आवडायची. पुढून सगळ्या मुली सारख्याच गुणी दिसतात. कापड उलटं केलं की बाई कळते... कुठे कंटाळून लांब उडी मारली, कुठे चोरून गाठ दिली, कुठे कोणी रागावल्यावर दोरा कचकून ओढला. एकदा एका सूनबाईंना मी म्हटलं, "तुमच्या सासूबाई डावखुऱ्या होत्या." त्या म्हणाल्या, "छे! उजव्या हातानंच जेवायच्या." आठ दिवसांनी परत आल्या आणि सांगितलं की लहानपणी त्यांचा डावा हात बांधून ठेवायचे म्हणे. घरात कोणाला पत्ता नव्हता, कापडाला होता.

एका रविवारी इस्रायल आळीतल्या मिलकाबाई आल्या. त्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. आपल्यासारखंच लुगडं, आपलीच मराठी, फक्त शनिवार कडक पाळायचा — शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत कामाला हात लावायचा नाही. त्या काळात त्यांच्यातली घरं एकेक करून इस्रायलला निघाली होती. मिलकाबाईंचा मुलगा सॅम्सन यानंही जायचं ठरवलं होतं. मिलकाबाईंचं वय साठीचं, पण आई मागे कशी राहणार?

त्यांनी पदराखालून एक कापड काढलं.

"हे माझ्या सिपोराचं. सॅम्सनच्या पाठची. तेरा वर्षांची होती."

कापडावर सगळं होतं, पण तळाला नावाची चारच अक्षरं. एस, आय, पी, आणि अर्धा ओ. खालच्या उजव्या कोपऱ्यात गंजाचा बारीक डाग.

"शुक्रवारी शब्बाथ लागायच्या वेळेला मी हाक मारली, तिनं सुई ठेवली. शनिवारी ताप भरला. पुढचा शुक्रवार पोरीनं पाहिला नाही," मिलकाबाई म्हणाल्या. "कापड विरलंय, प्रवासात टिकायचं नाही. मला याची नक्कल करून दे, ती मी नेते. हे मूळचं तू ठेव. तिची कबर इथं, तर तिचं काहीतरी इथंच राहू दे."

मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "दोन गोष्टी ऐक, बाय. नाव पुरं करू नकोस. तिनं सोडलं तिथंच सोड. आणि शनिवारी सुई लावू नकोस. तुला आमचा शनिवार नाही, ठाऊक आहे मला. पण हात तुझा असला तरी काम तिचं गो."

"नाही लावणार, मिलकाबाई. शब्द दिला," मी म्हटलं.

शब्द द्यायला काय जातं! सोमवार ते शुक्रवार शाळेतून येईपर्यंत उजेड कलायचा, आणि जुन्या कापडाचे धागे कंदिलाच्या उजेडात मोजता येत नाहीत. रविवार धुण्याभांड्यात जायचा. शनिवारी शाळा अर्धा दिवस. दुपारी दोन ते सहा खिडकीत छान उजेड. त्यात त्यांचं जाणं लवकरच्या तारखेला ठरलं. मी मनात म्हटलं, त्यांना कुठं कळणार आहे कुठला टाका कुठल्या वारचा?

एलपर्यंत आधीच्या आठवड्यात झालं होतं; पहिल्या शनिवारी मी एम ते क्यू अशी पाच अक्षरं भरली. तीन दोरे लागले. कापड घडी करून टोपलीत ठेवलं.

रविवारी सकाळी उघडलं तर एमपासून पुढे कापड कोरं.

फुलीचे टाके उसवायचे तर बहुतेक वेळा कात्री लावावी लागते. नुसतं ओढून काढलं तर दोरा पिंजतो, कापडाला भोकं दिसतात. इथे भोकं नव्हती. तिन्ही दोरे अख्खे, लडीतून आत्ता काढल्यासारखे. सुई खालच्या उजव्या कोपऱ्यात टोचलेली, आणि दोरे तिच्याभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे गुंडाळलेले. मी अशी सुई कधीच ठेवत नाही. मी डबीत ठेवते आणि पोरींनाही तेच शिकवते.

यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "मला शर्टाचं बटण लावता येत नाही, आणि मी तुझं भरतकाम उसवणार? उंदीर असतील. तुझ्या घरातले उंदीरसुद्धा शिवण शिकलेले असणार."

मी आठवडाभर रोज संध्याकाळी उजेड असेपर्यंत थोडं थोडं भरलं. ते टाके जागच्या जागी राहिले. दुसऱ्या शनिवारी पुन्हा दुपारभर बसले, पण कापड पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला लावली. रविवारी तेच! शनिवारचे तेवढे टाके गेलेले, शुक्रवारपर्यंतच्या टाक्यांना धक्का नाही. सुई कोपऱ्यात, दोरा आठात.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? मी तिसऱ्या शनिवारी पुन्हा बसले. भीती वाटली नव्हती असं नाही, पण राग जास्त आला होता. माझं काम उसवायचा हक्क फक्त मला, असा माझा तोरा. घराचं अर्धं छप्पर भरलं... आणि रविवारी ते छप्पर उडालेलं. त्या सकाळी पेटीपुढे बसून मला पहिल्यांदा रडू आलं. कोणी मला ओरडत नव्हतं, घाबरवत नव्हतं. शाळेत एखादी समजूतदार पोर चुकलेल्या मैत्रिणीचं उसवून देते, तितक्या निगुतीनं ते काम झालं होतं.

त्यानंतर मी शनिवारी सुईला शिवले नाही. मधल्या सुट्टीत डबा न खाता बसले आणि वेळेत पुरं केलं. अर्ध्या ओपाशी थांबले.

निघायच्या दोन दिवस आधी मी कापड घेऊन आळीत गेले. घरात नुसती बोचकी आणि पेट्या. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून त्यांच्यात मलिदा करतात — गोड पोहे, खोबरं, फळं — तो नुकताच झाला होता. मिलकाबाईंनी माझ्या हातात बशी दिली आणि कापड घेऊन खिडकीपाशी गेल्या. पुढची बाजू पाहिली, मग उलटं केलं. बराच वेळ उलट्या बाजूवर बोट फिरवत राहिल्या.

"अगदी तिचंच," त्या म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, "फक्त सुई नाही कोपऱ्यात. मी शुक्रवारी हाक मारली ना, की कोपऱ्यात सुई टोचायची आणि उरलेला दोरा तिच्याभोवती आठासारखा गुंडाळायची. म्हणायची, असा ठेवला की गुंता होत नाही."

हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलेलं नव्हतं. जुन्या कापडावर फक्त गंजाचा डाग होता, दोरा नव्हता.

मग त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सुमन, मला एक सांग. मी पोरीची कबर इथं टाकून चालले आहे. रात्रंदिवस एकच येतं मनात... ती इथं आहे का, आपली वाट बघत? की सगळं त्याच वेळी संपलं? तू इतके दिवस तिच्या टाक्यावर टाका घातलास. तुला कधी काही जाणवलं?"

दार उघडं होतं. बाहेर सॅम्सन दोरीनं पेटी बांधत होता. मला सगळं सांगता आलं असतं. पण सांगायचं तर पहिलं वाक्य काय? 'मिलकाबाई, मी शनिवारी सुई लावली.' एकदा नाही, तीनदा. शब्द देऊन. त्यांच्या घरचा मलिदा हातात घेऊन ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

"नाही, मिलकाबाई. काही नाही," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि कापडाची घडी घालायला लागल्या. "मला आपलं उगीच वाटलं होतं."

दोन दिवसांनी त्यांची एसटी सुटली. मी स्टँडवर गेले होते. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "कबरीवर कधीमधी जात जा, बाय."

मी जात होते. गवत काढायची, दगड पुसायची. पण पत्र लिहायला मला नऊ वर्षं लागली. नऊ! किती कागद फाडले असतील. शेवटी लाज गिळून सगळं लिहिलं — शनिवार, कुलूप, आठाचा आकडा, आणि मी खोटं बोलले तेही. उत्तर सॅम्सनचं आलं.

"सुमनताई, तुमचं पत्र आई गेल्यानंतर अकरा दिवसांनी मिळालं. शेवटी शेवटी ती सारखी विचारायची, सिपोरा पनवेलला एकटी आहे का रे? आम्हांला काय सांगावं कळत नसे. मग स्वतःच म्हणायची, सुमन म्हणाली होती, काही नाही म्हणून. तुमचं पत्र मी तिच्या कापडाच्या फ्रेममागे ठेवलं आहे."

त्यात रागाचा एक शब्द नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पत्र आलं त्या आठवड्यात मी जी गोष्ट केली ती यजमानांनाही सांगितलेली नाही. शनिवारी दुपारी सिपोराचं मूळ कापड समोर ठेवलं, शेजारी एक कोरा तुकडा घेतला आणि मुद्दाम, जाणूनबुजून त्यावर टाके घातले. एम, एन, ओ, पी, क्यू. तुकडा त्याच पेटीत घालून कुलूप लावलं. म्हटलं, उसव बाई. एकदाच उसव. मग मी तुझ्या कबरीवर येऊन तुझ्या आईला हाक मारून सांगेन.

रविवारी सकाळी पेटी उघडली. पाचही अक्षरं होती तिथंच होती. एक टाका हललेला नव्हता.

ती आईजवळ पोचली म्हणून थांबली, की माझ्याशी अबोला धरला, की तेव्हाही काही नव्हतं आणि मीच भ्रमात होते... मला सांगता येत नाही. कुलूप, किल्ली, दोरे, सगळं शंभरदा पडताळून झालं. आठाचा आकडा कशातच बसत नाही.

त्या रविवारी मीच ते टाके उसवले. मला कात्री लावावी लागली. दोऱ्याचे तुकडे तुकडे झाले, सुईभोवती गुंडाळण्याइतका लांब एकही उरला नाही.