तीन बोटं ढील

मी ट्रॅक्टर चालवायला शिकलो तो एका पत्र्याच्या पिंपासमोर बसून. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं हसण्यासारखं फारसं न्हाय.

ते पाऊस पुन्हा रुसल्याचं साल होतं. ऊस उभ्यानं वाळला, आमच्या भागातल्या साखर कारखान्याचं गाळप लवकर आटोपलं आणि कारखान्याचे ट्रॅक्टर उसाच्या ऐवजी पाण्याचे टँकर ओढायला लागले, पार कळंबकडच्या गावांपर्यंत. टँकरवर एका ड्रायव्हरची जागा निघाली. मी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. आमच्या बौद्धवाड्यातली माणसं कारखान्यात पोती उचलायची, झाडलोट करायची. स्टिअरिंगला आजवर कुणी बसलं नव्हतं. त्या जागेवर माझा जीव नुसता टांगला होता.

वर्कशॉपात एक मिस्त्री होते, लोहाऱ्याकडचे, पन्नाशी गाठलेले. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. कुणाचा, कुठला, काहीच विचारलं नाही त्यांनी. माझे हात उलटेपालटे करून बघितले, घट्टे बघितले आणि उद्या दुपारच्या सुट्टीत ये म्हणाले. असा माणूस त्या काळात शोधून सापडला नसता.

पण शिकायला ट्रॅक्टर कोण देणार? डिझेल मोजून मिळायचं. मग उस्तादांनी भंगारातल्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग आणि त्याखालची दात्यांची पेटी काढून एका लाकडी चौकटीवर बसवली. पेटीच्या दांड्याला एक लांब तार जोडली. समोर आडवं पिंप, त्याला हँडल, पिंपाभोवती गोणपाट आणि गोणपाटावर चुन्यानं काढलेला वेडावाकडा रस्ता. उस्ताद हँडल फिरवायचे, रस्ता माझ्याकडं पळत यायचा आणि मी चाक फिरवून तारेचं टोक रस्त्यावर ठेवायचं. पहिल्या दिवशी मी तार दर वळणाला शेतात घातली. उस्ताद म्हणाले, गड्या, तू टँकर न्हाय, नांगर चालवतोयस.

खरी मजा होती ती त्यांनी ते चाक जुळवलं त्यात. पहिल्यांदा चाक डावीकडं पार टोकाला नेलं, मग फेरे मोजत उजव्या टोकाला. त्याच्या निम्मे फेरे उलटे फिरवून चाकाच्या माथ्यावर खडूची रेघ मारली. हा मध्य. तार बरोबर रस्त्याच्या मधोमध उभी. मग ते उठून टँकरच्या ट्रॅक्टरपाशी गेले आणि त्याचं चाक हलकंच इकडं-तिकडं हलवलं. जुना ट्रॅक्टर, चाक थोडं फिरलं तरी पुढची चाकं जागची हलायची नाहीत. ती रिकामी ढील त्यांनी बोटांनी मापली: तीन बोटं. परत येऊन आपल्या पेटीवरचा स्क्रू जरा सैल, जरा घट्ट, पुन्हा सैल, असं करत तीच तीन बोटं ढील माझ्या चाकात आणली. ना माप, ना पट्टी. मी आ वासून बघत होतो. देवानं बोटं सगळ्यांनाच दिलीत, पण अक्कल फक्त ह्यांच्या बोटांत घातली असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

महिनाभर शिकलो. चाचणीला तीन दिवस उरले असताना वाटेत बंद पडलेला टँकर दुरुस्त करायला उस्तादांना जावं लागलं. सराव चालू ठेव म्हणून सांगून गेले. पिंप मी पायानं ढकलून फिरवत होतो. आणि इथं माझी खोडी आडवी आली. खडी फोडणाऱ्याला सैल वस्तू बघवत नाही. हातोड्याचा दांडा ढिला राहिला तर हातोडा निसटून शेजारणीच्या डोक्यात बसतो. म्हणून दिसलं ढिलं की ठोक पाचर, ही आमची रीत. ते ढिलं चाक माझ्या हाताला सारखं खुपत होतं. उस्ताद घाईत गेले, आवळायचं राहून गेलं असेल, अशी मीच माझी समजूत घातली, पाना घेतला आणि स्क्रू पार आवळून टाकला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

दोन दिवस चाक कसं लोण्यासारखं चाललं. तार रस्ता सोडीना. मी छाती फुगवून हिंडत होतो.

चाचणीच्या दिवशी उस्ताद सकाळी परत आले ते थेट मैदानावरच. कारखान्याच्या गाड्यांवर देखरेख करणारे साहेब खुर्चीत बसलेले, दगडांच्या दोन रांगा मांडलेल्या, मागं पाण्यानं भरलेला टँकर. मी ट्रॅक्टर हलवला, वळणावर चाक फिरवलं, तर काहीच झालं नाही; ती तीन बोटं ढील माझा हात दोन दिवसांत विसरला होता. घाबरून आणखी फिरवलं, तसा ट्रॅक्टर एकदम आत वळला आणि टँकरचं चाक दगडावर चढलं. झाकणातून भसकन पाणी सांडलं. त्या दिवसांत पाणी सांडणं म्हणजे काय, हे तहानलेल्यालाच विचारा. साहेबांनी मला खाली उतरायला सांगितलं.

उस्ताद माझ्याकडं न बघता वर्कशॉपात गेले. पिंपासमोरच्या चाकाला नुसता हात लावला असणार, कारण लगेच परत आले. ह्यांना कळलं.

"साहेब, पोरगं चुकलं न्हाय," ते म्हणाले. "शिकायचं चाक म्याच लई आवळून ठेवलं होतं. अंदाज चुकला माझा."

साहेबांनी खुर्चीतून उठून सांडलेलं पाणी बघितलं. मग म्हणाले, चार दिवसांनी पुन्हा चाचणी, पण ते खेळणं आजच्या आज भंगारात टाका, चुकीचं शिकवतंय ते. भोवती उभे असलेले ड्रायव्हर फिदीफिदी हसले. एकानं तर, उस्तादांचं वय झालं, असंही म्हटलं. मी तिथंच उभा होतो. स्क्रू मी आवळला, एवढे तीन शब्द. पण ते बोललो तर न विचारता पाना लावणाऱ्याला टँकर कोण देणार? मी वाकून हललेला दगड रांगेत सरळ करायला लागलो.

चार दिवस उस्तादांनी दुपारच्या सुट्टीत उभ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं जॅकवर उचलून मला डोळे मिटायला लावून ढील शिकवली. कुठं संपते, चाक कुठं धरतं, ते हाताला कळेपर्यंत. स्वतःची भाकरी तशीच बाजूला पडलेली. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही, मी म्हणालो, उस्ताद, मी साहेबांना खरं सांगून येतो.

"सांगून काय करतोस?" ते म्हणाले. "मी हाय त्या जागी ऱ्हातो. तुझी जागा जाईल. चाक धर."

मी पास झालो. पहिली खेप घेऊन वस्तीवरून गेलो तेव्हा आई रस्त्यावर येऊन उभी राहिली होती. पुढं सारा जन्म त्याच कारखान्यात गाडी चालवली. उस्तादांनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही, माझ्या लग्नात पंगतीला बसले तेव्हाही नाही.

ते गेले तेव्हा लोहाऱ्याला त्यांच्या दारात आम्ही कारखान्याची पाच-सहा माणसं जमलो होतो. एक जुना ड्रायव्हर हळहळत म्हणाला, माणूस लाखमोलाचा, पण शेवटी शेवटी हात कच्चा झाला होता, ती चाचणी आठवते ना? सगळ्यांनी मान हलवली. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मीसुद्धा मान हलवली.