दर दहाव्या पावलाला

हवालदार कुटुंबासह निघाले आहेत हे चौकाच्या पलीकडूनही ओळखू यायचं. पुढे ते, त्यांच्या मागे त्यांची बायको, बायकोच्या मागे थोरली मुलगी आणि तिच्या मागे धाकटी. सगळ्यांची एकच रांग, आणि हवालदारांनी जिथे पाय ठेवला तिथेच बाकीच्यांनी ठेवायचा. दर दहाव्या पावलाला हवालदार थांबत, मागे वळून रांग मोजत आणि मगच पुढचं पाऊल उचलत. नागपुरातल्या जुनी शुक्रवारी वस्तीतली माणसं दारात उभी राहून मजा बघत. "हवालदार, पलटन कोणीकडे निघाली गा?" असं कोणी विचारलं तर ते उत्तर देत नसत. याने हे काहून विचारलं असेल, याचा विचार मात्र पुढच्या वळणापर्यंत करत. थोरलीशी लग्न झाल्यावर या रांगेतली शेवटची जागा मला मिळाली. कारण हवालदार हे माझे सासरे.

फौजेत त्यांनी एकवीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी सुरुंग पेरण्याच्या आणि काढण्याच्या कामावर. लढाई संपून बाकीचे जवान घरी पोचले तरी हे सरहद्दीवरच्या शेतांतून पोटावर सरपटत एकेक सुरुंग उकरत होते. पेन्शन घेऊन नागपूरला आले आणि शहराच्या नळखात्यात लागले, तेही जमिनीखालचंच काम होतं. फुटलेला पाइप नेमका कुठे गळतो ते शोधायचं. त्यांच्याकडे छातीएवढी उंच लोखंडी सळई होती, तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. बाजार उघडायच्या आधी इतवारीच्या गल्लीत जायचं, सळईचं टोक जमिनीवर टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग बुटाच्या टाचेने फुली काढत ते म्हणत, "इथी खोदा." तिथे पाणी लागलं नाही असं वर्षानुवर्षं कधी झालं नाही. "जमीन दिसते तशी नसते," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्याला जोडून हळूच म्हणत, "अन् माणूस तं नसतेच."

कामाला हा माणूस वाघ होता. उन्हाळ्यात डांबर वितळायला लागलं तरी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून यांची सायकल चालूच. एवढं राबून घरी आले तरी संसार दुसऱ्याच्या भरवशावर सोडला नाही. मुलींना शाळेत घातलं तेव्हा आधी एकटे जाऊन वर्गाच्या भिंतींवर बोटांनी टकटक करून आले. माठ घ्यायचा तर कुंभाराचे वीस-पंचवीस माठ कानाशी वाजवत. शेवटी कुंभार वैतागून म्हणाला, "हवालदार, माठ घ्याचा हाय का लगन लावाचं हाय त्याचं?" हवालदारांनी सव्विसावा माठ उचलला. त्या माठातलं पाणी मी बारा वर्षं प्यालो आहे. त्याइतकं थंड पाणी पुन्हा मिळालं नाही.

मला त्यांनी असंच वाजवून घेतलं. मी मौद्याचा, नागपुरात त्याच नळखात्यात नवा कारकून. मुलगी पाहायला गेलो तेव्हा घाबरून मी अखंड बोललो. हवामान, संत्र्याचा बहार, मौद्याचा बाजार, काहीही. हवालदार समोर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, रंगले आहेत. पुढे बायकोने सांगितलं की आम्ही निघाल्यावर ते सासूबाईंना म्हणाले, "पोट्टा थांबत नाही. नळ चालू असला तं थांबून थांबून बोलते. फुटलेला पाइप थांबत नाही. इथी कुठंतरी पाणी मुरून राहिलं." त्यानंतर ते गुपचूप दोनदा मौद्याला जाऊन आले. चहाच्या टपरीवर बसले, आमच्या न्हाव्याकडे दाढी केली, पिठाच्या गिरणीत उभे राहिले. माझ्या आईने दार उघडलं तेव्हा हे आमच्या घराच्या भिंतीला कान लावून उभे होते. आईला वाटलं, तहानलेला वाटसरू आहे. तिने पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला. लग्न त्या गुळाच्या खड्यावर जमलं असं आई शेवटपर्यंत सांगत असे.

लग्न जमलं, पण संशय फिटला नाही. मी त्यांच्याच खात्यात असल्यामुळे तो उलट वाढला. साहेबाने मला त्यांच्या घरात सुरुंगासारखं पेरलं आहे, अशी त्यांची बरीच वर्षं ठाम समजूत होती. मला ते जवाईबुवा म्हणत नसत, कचेरीतल्यासारखं 'बाबू' म्हणत. दिवाळसणाला पुरणपोळी नको म्हटलं तर "काहून नोको?" असा प्रश्न, आणि दुसरी मागितली तर सासूबाईंकडे वळून, "घरी भेटत नाही वाटते यायले." कन्हान नदीच्या रेतीत रोडगे भाजायला आणि वांग्याची भाजी करायला गेलो की तिथेही रांग. मोकळ्या रेतीत, जिथे गाढवंसुद्धा मनासारखी हिंडत होती, तिथे आम्ही पाच माणसं एकामागोमाग एक. एकदा मी चिडून मुद्दाम दोन पावलं बाजूला टाकली. हवालदार वळले. ते ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते नुसते उभे राहिले, मी रांगेत परत येईपर्यंत. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आज लाज वाटते.

त्यांना कमी ऐकू यायला लागलं आहे हे माझ्या लक्षात आलं तेव्हा त्यांच्या नोकरीची दोन-सव्वादोन वर्षं उरली होती आणि धाकटीचं लग्न व्हायचं होतं. आधी रेडिओचा आवाज वाढला. मग प्रत्येक बोलण्याला "हं" असं एकच उत्तर यायला लागलं. जन्मभर उजव्या कानाला लावलेली सळई आता ते एकाच जागी दोन-तीनदा टेकवायला लागले. मी कोणाला काही बोललो नाही, बायकोलाही नाही. पण इतवारीत एका भांड्याच्या दुकानासमोर त्यांनी फुली काढली, कंबरभर खड्डा खोदला आणि आत कोरडी ठणठणीत माती निघाली. आठवड्याने दुसऱ्या गल्लीत तेच. दुकानदाराचा तक्रारअर्ज आला, आणि नेमका माझ्याच टेबलावर आला. मला तो पुढे पाठवावाच लागला. साहेबांनी हवालदारांना बोलावून सांगितलं, "आणखी एकदा असं झालं तर कान तपासायला दवाखान्यात पाठवीन." तपासणीत नापास झाले असते तर घरीच बसावं लागलं असतं. आणि कानाशिवाय या माणसाकडे दुसरं काय होतं?

साहेबांच्या खोलीतून बाहेर आले ते सरळ माझ्या टेबलासमोर. माझ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या अर्जांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि निघून गेले. त्यानंतर महिनाभर त्यांनी आमच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. बायको रडली, मला विचारून थकली. "मी काही केलं नाही," एवढंच मी सांगत होतो. पण ज्या माणसाचा जमिनीवर विश्वास नाही तो माझ्यावर कसा ठेवणार?

एका रविवारी सकाळी ते दारात उभे. सायकलच्या दांडीला सळई बांधलेली. "चला बाबू," एवढंच म्हणाले. उमरेड रोडला गावाबाहेर एका मोकळ्या माळावर घेऊन गेले. जी सळई त्यांनी सासूबाईंनाही पुसू दिली नव्हती, ती माझ्या हातात दिली. "आयका अन् सांगा."

मी वाटी कानाला लावली. काही ऐकू आलं नाही. तसं सांगितलं. दहा पावलं पुढे नेलं. तिथेही काही नाही. तिसऱ्या जागी ते अगदी जवळ येऊन उभे राहिले. "नीट आयका. मुख्य लाइन आहे. फुटली आहे. सूं आवाज येऊन राहिला असंन." त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, हो म्हणावं. म्हाताऱ्याचं समाधान होईल, घरातला अबोला संपेल. शब्द ओठांवर आला होता. पण मला खरंच काही ऐकू येत नव्हतं. मी म्हणालो, "नाही मामाजी. काहीच आवाज नाही."

हवालदार माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बसले, तिथेच मातीत. "इथी पाइपच नाही," ते म्हणाले. "या माळावर कधी नळ आलाच नाही. लबाड माणूस असता तं म्हणला असता, हाव हाव, येऊन राहिला." डाव्या कानाला हात लावला. "डावा कान गेला जवाईबुवा. उजवा जाऊन राहिला."

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा मला जवाईबुवा म्हटलं, आणि पहिल्यांदाच फौजेतली गोष्ट सांगितली. सरहद्दीवरच्या एका शेतातून ते पुढे सुरुंग हुडकत चालले होते. मागून त्यांचा सोबती त्यांच्या पावलांवर पाय ठेवत येत होता. "शेतात मुळा होता. ताजा, पांढरा. त्याले तो दिसला. एक पाऊल बाजूले टाकलं त्यानं. एकच." डाव्या कानाला तेव्हापासून दडा बसला होता. तो त्यांनी फौजेतही लपवला आणि नळखात्यातही. "मी पुढं पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "मागं पाह्यलं असतं तं आवाज देला असता." मला कन्हानची रेती आठवली आणि माझी ती दोन पावलं आठवली. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ धरू दिला, मग सोडवून घेतला आणि विचारलं, "कोणाले सांगणार तं नाही?"

तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मी त्यांचा कान झालो. बाजार उघडायच्या आधी आम्ही दोघे गल्लीत उभे. मी ऐकायचं आणि सांगायचं: सूं आहे, खळखळ आहे, थांबून थांबून आहे. ठरवायचं त्यांनी. गटार कुठलं, चालू नळ कुठला आणि गळती कुठली हे माझ्या वर्णनावरून ते असं ओळखत की मलाच स्वतःच्या कानाचं कौतुक वाटायला लागलं. त्यानंतर एकही खड्डा कोरडा निघाला नाही. आपण खात्याला फसवतो आहोत का, हा विचार मला टोचायचा. एकदा बोलून दाखवला तर म्हणाले, "पाणी लागते ना? मंग?" पण संशय कुठे जातो! मी सांगितलेला आवाज ते तासाभराने पुन्हा विचारत, मध्येच वेगळ्या शब्दांत विचारत, साक्षीदाराला वकील विचारतो तसं. उत्तर जुळलं की मान हलवत. एवढा विश्वास म्हणजे त्यांच्या दृष्टीने उधळेपणाच होता.

धाकटीसाठी पारशिवनीचा मुलगा पाहायला गेलो तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. मुलगा बोलत होता, हवालदार डोळे मिटून ऐकल्यासारखं करत होते. त्यांना त्यातलं एक अक्षरही ऐकू येत नव्हतं हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. बाहेर आल्यावर त्यांनी अंगणातच मला गाठलं. "थांबून थांबून बोलते का?" मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "थांबतो मामाजी. मध्ये पाणीसुद्धा पितो." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तासाभरानेही नाही. ना गिरणी, ना न्हावी, ना भिंतीला कान. पोटच्या मुलीचं लग्न त्यांनी माझ्या एका शब्दावर लावलं. पाइप चुकला तर खड्डा बुजवता येतो. हे ओझं मी वर्षानुवर्षं वागवलं, आणि धाकटी सुखात आहे हे दिसलं तेव्हा कुठे खाली ठेवलं.

निवृत्तीच्या दिवशी सळई खात्यात जमा करून हवालदारांनी स्टोअरकीपरकडून लेखी पोच घेतली. तो त्यांचा वीस वर्षांपासूनचा मित्र. पोच दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली. रांग त्यानंतरही चालू होती. त्यात आता माझी दोन मुलंही आली होती. ते पुढे, मी शेवटी.

पुढे तीनेक वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, सकाळी चहा पिता पिताच ते गेले. मुलगा नव्हता, म्हणून गावाहून आलेला त्यांचा पुतण्या पुढे विस्तवाचं मडकं धरणार, असं भावकीने ठरवलं. ते रीतीला धरूनच होतं. तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. दारात उभ्या राहून साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्यायनं मले सांगून ठेवलं आहे. पुढं जवाईबुवाच चालतीन. दुसरं कोणी नाही." मग त्या भिंतीला टेकल्या आणि रडायला लागल्या.

जन्मात या माणसाने कोणाला आपल्या पुढे चालू दिलं नव्हतं. मी मडकं उचललं. ओळखीचाच रस्ता, पण मी खाली जमीन बघत, जपून, एकेक पाऊल मोजत चाललो. आठ, नऊ, दहा. मी थांबलो आणि मागे वळलो. "मागं पाहू नोका जवाईबुवा, पाहत नसतात," गर्दीतून कोणीतरी दटावलं. मी पाहिलं. हवालदार बरोबर माझ्या मागून येत होते. मग मी पुढची दहा पावलं मोजायला लागलो.