इंचभर बिडा

ओल्या अस्तरावर इस्त्री फिरली की जो वास येतो, त्याने मला सरस्वतीपुरममधली एक बैठकीची खोली आठवते. शेजारणींच्या आग्रहाने मी तिथे पहिल्यांदा ब्लाऊज शिकवायला बसले होते. शिवण मी देवराज मोहल्ल्यात वडिलांच्या मशीनशेजारी बसून, नुसतं बघून शिकले. समजावून मला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे दुसऱ्याला सांगणं जमेल असं वाटत नव्हतं. त्यात आमची मैसूरची मराठी. लातूरहून नुकतीच आलेली एक सून कापडावर कात्री ठेवून थांबली, तेव्हा मी म्हणाले, “मुंढ्याला इंचभर बिडा.” ती म्हणाली, “बीड नाही हो ताई, मी लातूरची.” सगळ्या हसल्या. ‘बिडू’ हा कानडी शब्द आहे, हे मी पार विसरले होते. मी मान खाली घालून टेप गुंडाळायला लागले. शिकवणं आपलं काम नाही, असं सांगून उठणारच होते, तर तिने माझं मनगट धरलं. “राग आला काय? करायचं काय ते दाखवा की.” मी तिच्या कात्रीखालचं कापड बोटाने सरकवलं. “एवढं कापू नका, राहू द्या.” “सोडायचं होय? मग सोडा म्हणा.” तिने कापलं, टाचलं, कुर्त्यावरच चढवलं आणि दोरीवर कपडे वाळत घालताना करतो तसे दोन्ही हात वर केले. “कुठे ओढत नाही, ताई.” शेजारच्या बाईने आपलं कापड माझ्यापुढे सरकवलं. “आता माझं.” त्या दिवशी घरी स्वयंपाकाला उशीर झाला. वर्ग असला की तो अजूनही होतो.