बसतंय, पण सोसतंय का?

आमच्या मावशीला सगळा बाजार थांबाबाई म्हणतो. तोंडावर नाही अर्थात. तिच्या दुकानात भिंतभर बंदुका आहेत. आजोबांमागे तिने दुकान हातात घेतलं, तेव्हा गिऱ्हाइकं दारातून डोकावून विचारायची, "मालक आहेत का?" ती म्हणायची, "थांबा." मागच्या खोलीत जायची, चष्मा लावून परत यायची आणि म्हणायची, "बोला." नाव तिथूनच पडलं असावं, पण टिकलं ते तिच्या स्वभावामुळे. हत्यार स्वतः तपासल्याशिवाय तिने आजवर कुणाला एक काडतूस विकलेलं नाही. परवाना नाचवा, ओळखी सांगा, आरडाओरडा करा. तिचं आपलं एकच, "थांबा."

माझं चष्म्याचं दुकान तिच्या शेजारी. मधल्या भिंतीत एक खिडकी आहे. तिच्यातून आम्ही चहा, कात्री आणि बाजारातल्या भानगडी इकडून तिकडे करतो. त्यामुळे गेल्या महिन्यात पोस्टमास्तर आले, तेव्हा मी नाक खुपसायला हजर होतेच.

मास्तर निवृत्त झालेले, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. नेमबाजीचा नाद त्यांचा नव्हे, बायकोचा. क्लबातल्या पुरुषांच्या नाकावर टिच्चून तिने तीस वर्षं बक्षिसं मारली आणि मास्तरांनी तीस वर्षं मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवल्या. तिचं रिव्हॉल्वर पुढे मास्तरांच्या नावावर झालं. आता त्यांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून महिनाअखेर ते पोलिसांकडे जमा करून टाकायचं ठरलं होतं. त्याआधी रविवारी क्लबात त्यातून सहा गोळ्या झाडायच्या, एवढीच त्यांची इच्छा होती.

"हिचं आहे," रिव्हॉल्वर काउंटरवर ठेवत ते म्हणाले. गेलेल्या बायकोला ते अजून 'ही'च म्हणतात. "काडतुसं क्लबातून आणलीत. नवी कोरी. तुम्ही फक्त तेलपाणी करा."

"थांबा," मावशी म्हणाली.

तिने गोळ्यांचं चक्र उघडलं आणि एक काडतूस त्याच्या एका घरात सोडलं. ते अलगद आत गेलं.

"बघा! बसतात की!" मास्तर खूश.

"बसतात. सोसतात का ते बघू."

तिने रिव्हॉल्वर दिव्याखाली धरलं. कुठलं काडतूस चालतं ते सांगणारा नळीवरचा छाप घासून पार पुसून गेला होता. "मास्तर, हे जुन्या, मवाळ दारूसाठी घडवलेलं आहे. याची घरं सरळसोट आहेत, म्हणून लांब काडतूसही आत जातं. पण या नव्यांचा दाब याला झेपायचा नाही. चक्र फुटलं तर हेही जाईल आणि तुमची बोटंही. तुमच्या पत्नी कुठली काडतुसं वापरायच्या?"

मास्तर एकदम भडकले. "मला काय ठाऊक! तीस वर्षं हिच्या कपड्यांचा दारूचा वास मी धुतलाय, बाई. पण डबीत काय असायचं ते कधी विचारलं नाही. रविवार परवावर आलाय. सहाच तर गोळ्या!"

"फुटायला एक पुरते."

"तुमच्याकडे आलो हेच चुकलं माझं." त्यांनी सगळं पिशवीत कोंबलं आणि निघाले.

"मास्तर, थांबा! घरात झाडलेल्या काडतुसाची एखादी रिकामी पुंगळी असेल, ती शोधा," मावशी ओरडली. तोवर ते रस्त्यावर पोचले होते.

दिवसभर तिचं लक्ष नव्हतं. एकच नळी तिने तीनदा पुसली. संध्याकाळी खिडकीत येऊन म्हणाली, "उडवून बसले म्हणजे गं?" एरवी हिच्या हट्टीपणाचा मला वैताग येतो. त्या दिवशी मात्र तिच्या हातातला गार झालेला चहा बघून मला भरून आलं.

शनिवारी सकाळी शटर वर जायच्या आत मास्तर दारात हजर. मुठीत पितळेची एक छोटी पुंगळी, तोंडाला बूच लावलेली.

"हिच्या शिवणाच्या डब्यात होती," ते खाली बघत म्हणाले. "काल रागारागात शर्ट काढताना बटण तुटलं. सुई शोधत होतो. यातच ठेवायची ही सुया."

मावशीने सुया कागदावर ओतल्या आणि पुंगळी मोजली. नव्या काडतुसाच्या पुंगळीपेक्षा ती चांगली नखभर आखूड भरली. बुडावरचा आकडा भिंगाखाली स्वच्छ दिसला. "हेच. आखूड, थोडी दारू, साध्या शिशाची गोळी. दोघींनाही कळत होतं, मास्तर. तुमच्या बायकोला आणि मला."

तसली काडतुसं तिच्याकडे नव्हती. तिने चार दुकानदारांना फोन लावले, मग भर शनिवारी शटर ओढलं आणि बस पकडून गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडून एक डबी घेऊन आली. आल्यावर चक्राचं एकेक घर नळीच्या रेषेत येतं का, हेही तिने पाहिलं. मगच म्हणाली, "सोसेल."

रविवारी क्लबात मास्तर नेमबाजीच्या रेषेवर उभे राहिले. मावशी त्यांच्या मागे आणि मी कुंपणापाशी. पाच गोळ्या झाल्या. दोन निशाणाच्या कागदाला लागल्या, तीन मागच्या मातीच्या ढिगात गेल्या. रिव्हॉल्वरने कसलीही कुरकुर केली नाही. मास्तर थांबले.

"एक राहिली, मास्तर," मावशी म्हणाली.

"थांबा," मास्तर म्हणाले. "शेवटच्या गोळीआधी ही मान वळवून बाकाकडे बघायची. मी बसलोय ना, ते बघायला."

हात तसाच समोर ठेवून त्यांनी मान वळवली. बाक रिकामं होतं.

मावशी मागे गेली आणि त्या बाकावर जाऊन बसली.

मास्तरांनी नेम धरला. सहावी गोळी कुठे लागली ते मला सांगता येणार नाही. मी मावशीकडे बघत होते आणि ती टाळ्या वाजवत होती.