रावेतचा बोलका रेडा

बायको गेली आणि मला गाडी घ्यायचं खूळ लागलं. लोकांनी या दोन गोष्टींचा संबंध लावला, तो बरोबरच होता. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असंही म्हणाले, ते अर्धंच खरं.

आम्ही मोशीकडचे. आळंदीला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं रान होतं. लग्न नवं होतं तेव्हा त्या रस्त्यानं एका कारखानदाराची लांबलचक अमेरिकन गाडी जायची. दिसायच्या आधी ऐकू यायची. ढेकळातून पायाला कळायची. माझी बायको खुरपं टाकून बांधावर उभी राहायची आणि म्हणायची, "आला बगा रेडा!" मग गाल फुगवून तोंडानं त्या गाडीचा आवाज काढायची. असा हुबेहूब की आमचा बैल कान टवकारायचा. मी म्हणायचो, "तुला एकदा बसवीन त्यात." ती म्हणायची, "आदी सायकलीचं पंक्चर काडा."

बसवली नाही. पुढं रान गेलं, त्यावर सोसायटी झाली, आमच्या दारात गाड्या आल्या. पण त्या बिनआवाजाच्या. तिला कधी पसंत पडल्या नाहीत. "मांजरागत येत्यात, कळत बी न्हाई," म्हणायची. गेल्या श्रावणात ती स्वतःच तशी गेली. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. दोन कप घेऊन आत आलो तर गेलेली.

तेव्हा मी ठरवलं, वर्षश्राद्धाच्या आत तो आवाज दारात आणायचा. गाडी कुणाला पाहिजे? मला आवाज पाहिजे होता. पण तो सुटा मिळत नाही, गाडीसकट घ्यावा लागतो.

माझ्या मुलीचा सासरा, म्हणजे माझा व्याही, दिघीला राहतो. जन्म कंपनीच्या ऑफिसात गेला, आता दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ बघतो. त्यानंच बातमी आणली. रावेतला एकानं जुनी अमेरिकन गाडी नव्यासारखी करून विकायला काढलीय.

"याला मसल कार म्हणतात, पाव्हणं."

"मसल म्हंजी?"

त्यानं शर्टाची बाही वर केली, हात दुमडला आणि दंड फुगवला. "बेटकुळी!"

"मंग तुमच्याकडं बगून कसं कळायचं?" मी म्हणालो.

त्यानं बाही खाली केली. "चेष्टा पुरे. या गाड्यांत फसवाफसवी फार असते. बाहेरून अमेरिका, आतून भोसरीचं गॅरेज. पत्रा मूळचा पाहिजे, नंबर जुळला पाहिजे, इंजिन मूळचं पाहिजे. मी येतो. तुम्ही काही बोलायचं नाही."

मी बरं म्हणालो. सकाळी लवकर उठून अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि कमरेला एक सुपारी खोचली. आमच्यात पूजेला जोडीनं बसतात. बायको जवळ नसली की पुरुषानं कमरेला सुपारी लावायची, तीच बायको. मी काही पूजेला चाललो नव्हतो. पण गाडी बघायला तिला सोडून जायचं म्हणजे काय? व्याह्याला सांगितलं नाही. पिशवीत नारळ आणि पेढे घेतले आणि त्याच्या स्कूटरवर मागं बसलो. या वयात इतकं हसू येत होतं की काच नसलेल्या हेल्मेटात माशी गेली तरी तोंड मिटेना.

रावेतला बंगल्यामागं पत्र्याची शेड. मालक पन्नाशीचा, गळ्यात चेन, बोलायला गोड. त्यानं गाडीवरचं कापड ओढलं आणि मी हातातली पिशवी खाली ठेवली. पिवळीधमक! हळद लागलेल्या नवरीसारखी. बॉनेटवर दोन काळे पट्टे. मी नवरी बघायला गेलेल्या पोरासारखी मान खाली घातली आणि डोळे वर करून बघितलं.

व्याह्यानं खिशातून त्याच्या घरच्या फ्रीजवरचं लोहचुंबक काढलं. महाबळेश्वरची लाल स्ट्रॉबेरी. दाराला लावली, चिकटली. मडगार्डला लावली, घसरून खाली पडली.

"इथं पत्रा नाही, लांबी भरलीय," व्याही म्हणाला. लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुटी.

"काका, इतकी जुनी गाडी," मालक म्हणाला. "थोडीफार लांबी असणारच."

"व्हय की," मी म्हणालो. "व्याही, तुमच्या तोंडात मूळचं दात किती?"

व्याह्यानं माझ्याकडं बघितलं. मग काचेच्या आतली नंबराची पट्टी चष्मा वर-खाली करून वाचली, कागदाशी ताडून बघितली. "नंबर जुळतो. पण पट्टी जुनी आणि तिचे स्क्रू कालचे. ही दुसऱ्या गाडीची काढून लावलेली असू शकते."

"जुने स्क्रू गंजले होते, काका."

"गंजणारच!" मी म्हणालो. "लोखंड हाय."

"पाव्हणं, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

"गाडीच्या."

"बरं, इंजिन दाखवा," व्याही मालकाला म्हणाला.

"बॉनेटचा खटका अडकलाय. मेकॅनिक संध्याकाळी येणार. पण काका, ही गाडी बघायची नसते, ऐकायची असते." असं म्हणून मालक आत बसला आणि त्यानं चावी फिरवली.

काय सांगू! शेडचा पत्रा थरथरला. दारातलं कुत्रं पळालं. धडधड, धडधड, पोटातून येणारी, हंबरल्यासारखी. रेडा! माझ्या पायाखाली रावेत राहिलंच नाही. मी बांधावर होतो, ऊन होतं, ती शेजारी होती. माझे गाल आपोआप फुगले. मी टाळ्या वाजवत गाडीभोवती फिरलो, धोतर सावरायचंही भान नाही.

"घेतली!" मी ओरडलो. "नारळ कुठं फोडू?"

"पाव्हणं, बॉनेट उघडल्याशिवाय..."

"बॉनेट गेलं खड्ड्यात!"

मी नारळ डोक्यावर उचलला आणि गाडीत सनई वाजायला लागली.

धडधड बंद. सायलेन्सरमधून सनई, मांडवात वाजते तशी. मला तर त्या घटकेला त्यात काही वावगंही वाटलं नाही. शुभच झालं म्हटलं. मालक मात्र सीटवर पडलेल्या मोबाईलवर झडप घालायला गेला, त्याचं बोट कुठंतरी भलतीकडं पडलं आणि गाडी बोलली.

"अहो!"

आता आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. 'अहो' हेच सगळ्या नवऱ्यांचं नाव. त्या एका शब्दानं मी जन्मभर विहिरीवरून, पारावरून, झोपेतून उठलोय. श्रावणापासून तो ऐकला नव्हता. नारळ वर धरलेला तसाच मी बोलून गेलो, "आलो, आलो!"

मालकही म्हणाला, "आलो." आणि व्याही, जो आयुष्यात कधी गोंधळत नाही, तो ताठ होऊन म्हणाला, "काय गं?"

गाडीनं तीन आवाज मोजले. मग म्हणाली, "अवो, किती जण हायत तिथं?"

मी सायलेन्सरपाशी वाकलो. "वहिनी, आमी गाडी बगायला आलोय."

"पिवळी व्हय? दादा, आवाजाला भुलू नका बरं. तो मोबाईलवरचा हाय. आत जीपचं डिझेल इंजिन बसवलंय. मी ह्यांना कवाधरनं सांगतीय, खरं सांगून विका. आन् आता आलायसा तर जेवून जावा, भाकऱ्या टाकल्यात."

फोन बंद झाला. मागं राहिला तो इंजिनाचा खरा आवाज. टकटक, टकटक. दळणाच्या गिरणीसारखा. मालक गाडीइतका पिवळा पडला होता.

व्याह्यानं स्ट्रॉबेरी खिशात ठेवली. "पाव्हणं," तो म्हणाला, "आळंदीच्या माउलींनंतर सातशे वर्षांनी रेडा पुन्हा बोलला. आणि खरं बोलला."

मग मला हसू आवरेना. मी मटकन खाली बसलो. नारळ पोटाशी धरून हसलो, ठसका लागेपर्यंत हसलो. व्याही गाडीला टेकून हसत होता. आणि त्या हसण्यात माझ्या कमरेची सुपारी निसटली, टुणकन उडाली आणि घरंगळत गाडीखाली गेली.

माझं हसू तिथंच थांबलं. मी पालथा पडून आत हात घालायला लागलो.

"काय पडलं?" व्याही म्हणाला.

"बायको," मी म्हणालो.

त्याला कळलं. कंबरदुखीचा माणूस, इस्त्रीची पँट, पण तोही माझ्याशेजारी आडवा झाला. मालकही बॅटरी घेऊन दुसऱ्या बाजूनं शिरला. तिथं पडल्या पडल्या सगळी भोसरी दिसली. जीपचा सांगाडा, वेल्डिंगच्या नव्या पट्ट्या, सायलेन्सरशेजारी तारेनं बांधलेला काळा स्पीकर. कुणी त्याकडं बघितलं नाही. सुपारी मागच्या चाकापाशी तेलात सापडली, मालकालाच. त्यानं ती आपल्या पांढऱ्या शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली.

"काका, चुकलं. भाव कमी करतो."

"नको रं. तुजी गाडी वंगाळ न्हाई. पर ती न्हवं."

"ती कोण?" त्यानं विचारलं. तेव्हा मी त्याला बांध, बैल, रेडा सगळं सांगितलं. सांगताना गाल फुगवून दाखवले.

वहिनींच्या हातची भाकरी खाल्ली. नारळ त्यांना दिला. त्यांनी तो आधी हलवून, कानाला लावून बघितला. आमच्या तिघांपेक्षा हुशार बाई.

निघताना मालक म्हणाला, "काका, घेऊ नका. पण एक चक्कर तरी मारू. स्पीकर बंद करून."

मी मागं बसलो. पुढची सीट तिला दिली. व्याह्यानं सुपारी सीटवर ठेवली, घरंगळेल म्हणून खाली रुमालाची चुंबळ केली आणि वरून सीटचा पट्टा लावला. कुणी हसलं नाही. गाडी टकटक करत रावेतच्या मोठ्या इमारतींमधून निघाली. लोक माना वळवून बघत होते. एवढी बेटकुळी आणि आवाज गिरणीचा!

"असं न्हाई चालायचं," मी म्हणालो. गाल फुगवले आणि सुरू केला. घर्रर्र, धड, धड. नीट जमेना. तिच्या आवाजात एक खालची गुरगुर होती, ती मला कधीच आली नव्हती. व्याही म्हणाला, "जरा पोटातून काढा, पाव्हणं," आणि त्यानंही सुरू केला. मग स्टिअरिंग धरून मालकानं. तीन म्हातारे-अर्धम्हातारे एका पिवळ्या गाडीत हंबरत चाललोय. आणि मधेच तिघांचा सूर एकदम असा काही लागला की माझ्या मांडीवरचे केस उभे राहिले.

सिग्नलला शेजारी रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं आत डोकावून बघितलं.

"काय झालं राव गाडीला? कसला आवाज येतोय हा?"

मी पुढच्या सीटकडं बघितलं.

"ओरिजिनल हाय," मी म्हणालो.