गोलमामा

गोलमामा हे नाव ऐकून आलेला माणूस आमच्या मामाला बघून हमखास चकायचा. पोट सुटलेला, गालांचे पेढे झालेला कुणी गृहस्थ त्याच्या डोळ्यांसमोर असायचा आणि दार उघडायला यायचा तो हँगरला शर्ट अडकवावा तसा माणूस. उंच, काटकुळा, आणि दिल्लीच्या थंडीत गळ्याभोवती एवढा मोठा मफलर की मामानं मफलर घातलाय की मफलरनं मामा, हे ठरवणं कठीण. हे नाव त्याला माझ्या धाकट्या भावानं, बंटीनं दिलं. तेही पानिपतावर.

दर संक्रांतीच्या सुमारास मामा आम्हाला पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकापाशी घेऊन जायचा. आम्ही म्हणजे आजी, आई, बाबा, मी आणि बंटी. मामानं लग्न केलं नव्हतं. आजी त्याच्याजवळ राहायची आणि आमचं सरकारी क्वार्टर त्याच्या क्वार्टरच्या मागच्याच गल्लीत होतं. धुक्यात उभं राहून, तिळाचे लाडू वाटत तो आम्हाला लढाई समजावून सांगायचा. "बायका, मुलं, यात्रेकरू सगळे मधे. भोवती फौज. असा गोल करून सरकत सरकत बाहेर पडायचं होतं. पण काही जणांना दम निघाला नाही. ते पुढे धावले आणि गोल मोडला." बंटी तेव्हा पहिलीत होता. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, मराठी फक्त घरात आणि तेही कानावर पडेल तेवढं. त्यानं गंभीरपणे विचारलं, "मामा, गोल टूटा तो गोलकीपर क्या कर रहा था?" आजीला एवढं हसू आलं की लाडू घशात अडकला. त्या दिवसापासून मामाचा गोलमामा झाला.

मामाची चालायची एक पद्धत होती. तो कायम शेवटी चालायचा. बाजारात, लग्नात, मेट्रोत चढताना, काला अंबच्या बागेत. घरातून निघताना आधी दाराशी उभा राहून विचारायचा, "सगळे आले का?" मग म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." गॅस बघायचा, कुलूप दोनदा ओढायचा आणि आमच्या मागून यायचा. आई वैतागायची. "बापू, अरे गाडी सुटेल!" त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, "सुटू दे ताई. दुसरी येते. माणूस सुटला की पंचाईत."

आमच्या कॉलनीत कॉम्प्यूटर पहिल्यांदा आला तो मामाकडे. मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर असलेला माणूस त्यावर पत्रं टाइप करील, असं सगळ्यांना वाटलं होतं. मामानं नेहरू प्लेसहून एका रोल-प्लेइंग गेमची सीडी आणली आणि तो त्यातच राहायला गेला. त्या गेमचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला 'गुहा' म्हणायचो. त्यात आपली माणसं आपणच तयार करायची, सहा जण. नावं आपण द्यायची, कोण लढणार, कोण जादू करणार, कोण जखमा बांधणार, सगळं आपण ठरवायचं. मग ही सहा माणसं गावोगाव हिंडणार, लोकांशी बोलणार, राक्षसांशी लढणार. सहा म्हटल्यावर मामाला विचार करावाच लागला नाही. घरात मोजून सहाच जण होते.

बाबा ढाल घेऊन सर्वांत पुढे. "दाजी, तुम्ही ऑडिटमधले. कुणी काहीही बोललं तरी तुम्हाला लागत नाही." आई जादूगार, कारण तिच्या तोंडाला लागलं की समोरचा भाजून निघतो, हे सिद्धच होतं. मी चोर. लोणच्याच्या बरणीतली माझी कामगिरी मामाला माहीत होती. बंटी तलवारवाला, त्याला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. आजी वैद्य, आणि तिची जागा मधोमध. मामा स्वतः तिरंदाज, सगळ्यांच्या मागे. आजी चष्मा लावून पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, "यातली मी कोणती रे?" मामानं दाखवल्यावर ती म्हणाली, "शिव शिव! बिनबाह्यांचं घातलंयस मला!"

रविवारी दुपारी आम्ही सगळे त्या एका पडद्यासमोर बसायचो. त्या गेममध्ये घाई चालत नसे. प्रत्येकाची पाळी यायची, तोवर शत्रूसुद्धा निमूट उभा राहायचा. समोर राक्षस गदा उगारून उभा आहे आणि आम्ही पोहे खात चर्चा करतोय, असं कितीदा व्हायचं. नकाशावर बाण नव्हता, खूण नव्हती. गावातला म्हातारा "ओढ्याच्या पलीकडे, जळक्या झाडापाशी" असं काहीतरी सांगायचा आणि आम्ही भलत्याच ओढ्यापलीकडे जायचो. मामाला सगळ्यांत आवडायची ती गावाची वेस. गावाबाहेर पडायचं तर सहाही जण दाराशी यायला हवेत, हा त्या गेमचा नियम. एक जण जरी मागे कुठे अडकला असेल तरी दार ढिम्म हलायचं नाही. बंटी स्वतःच्या तलवारवाल्याला दाराशी नेऊन आदळत राहायचा. "मामा, मुझे तो जाने दो यार!" मामा म्हणायचा, "आजी आली का? नाही ना? मग गोल मोडू नकोस."

पुढे आजी गेली. मला वाटलं, आता मामा गुहेत जायचा थांबेल. तो थांबला नाही आणि त्यानं आजीलाही तिथून काढलं नाही. आईला ते सहन होईना. "आई गेली रे, आणि तू तिला अजून राक्षसांपुढे उभी करतोस?" मामा शांतपणे म्हणाला, "पुढे नाही ताई. मधे आहे ती. तिला काही होत नाही." आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

त्यानंतरचं, सगळ्यांच्या घरी होतं तेच आमच्याकडे झालं. मी लग्न करून पुण्याला आले, बंटी कॅनडाला गेला, बाबा रिटायर झाल्यावर आई-बाबाही पुण्याला आले. मामानं दिल्लीतच, द्वारकेला फ्लॅट घेतला आणि एकटाच राहिला. पुण्याला ये म्हटलं की म्हणायचा, "इथं कुणीतरी हवं ना मागे." दिल्लीत आमचं मागे काय उरलं होतं कोण जाणे! पण त्याचे फोन यायचे, आणि त्यात गुहेतल्या बातम्या असायच्या. "मनू, काल तू एका सरदाराच्या उशाखालची किल्ली पळवलीस. शाबास!" "बंटीला जरा लागलंय, पण आजीनं पट्टी बांधली." मी ऑफिसात असायची, 'हो मामा, अच्छा मामा' करत ऐकायची. फोन ठेवताना एकच वाक्य असायचं, "या की एकदा सगळे."

गुहेचा दुसरा भाग कधीच आला होता आणि मामानं तोही आमच्यासकट पालथा घातला होता. तिसऱ्याची तो वर्षानुवर्षं वाट बघत होता. अखेर तो येणार अशी बातमी आली तेव्हा मामा रिटायर झाला होता. त्यानं नवा कॉम्प्यूटर घेतला आणि आम्हा प्रत्येकाला फोन केला. "या वेळी तुमची तुमची माणसं तुम्हीच करायची. मी हात लावणार नाही. पण या." बंटीची सुट्टी जुळली, आम्हीही तिकिटं काढली. किती तरी वर्षांनी सगळे एका घरात आलो. मामानं कॉम्प्यूटरसमोर खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. आजीची वेताची खुर्चीसुद्धा होती, मधोमध. त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही.

गेम सुरू झाला. पडद्यावर दाढीवाला एक देखणा पुरुष आला आणि घोगऱ्या आवाजात स्वतःचं नाव सांगून मोकळा झाला.

"हा कोण?" मामानं विचारलं.

"हीरो है, मामा."

"असू दे. आपली माणसं कुठे करायची?"

बंटीनं सगळं धुंडाळलं. खरंच, मनापासून धुंडाळलं. मग हळूच म्हणाला, "मामा, वो ऑप्शन ही नहीं है. बस यही एक है. बाकी साथी रास्ते में मिलेंगे. उनके नाम, आवाज, सब पहले से फिक्स है."

बंटीनं खेळायला घेतलं. चित्र इतकं सुंदर की बाबांच्या तोंडूनही 'वा!' निघालं. दाढीवाला नकाशावरच्या सोनेरी बाणामागे पळत सुटला. थांबणं नाही, पाळी नाही, सपासप तलवार. वाटेत भेटलेले दोघे-तिघे पार मागे राहिले. गावाची वेस आली तेव्हा मामा खुर्चीतून पुढे झाला. "थांब, थांब. बाकीचे यायचेत."

"आ जाएँगे मामा, अपने आप," बंटी म्हणाला.

आणि दार उघडलं. दाढीवाला बाहेर पडला आणि मागे राहिलेले ते दोघे-तिघे हवेतून टपकल्यासारखे त्याच्या शेजारी उभे राहिले. मामानं पडद्यावरची नजर काढून आमच्याकडे बघितलं. एकेकाकडे, क्रमानं. मग म्हणाला, "चांगलंय. चहा टाकतो." त्याचा तो चेहरा मला अजून विसरता येत नाही.

रागावला तो नंतर, आणि चांगलाच रागावला. त्या गेमच्या शौकिनांचा इंटरनेटवर एक अड्डा होता. तिथे त्यानं जन्मभराच्या सरकारी इंग्रजीत, सविनय निवेदन वगैरे करून, मुद्देसूद तक्रार लिहिली. पोरांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. अंकल, जमाना बदल गया, असा एकूण सूर. मामाचं म्हणणं मला मात्र पटायचं. "नवं करा की. कोण नको म्हणतं? पण श्रीखंडाचा डबा म्हणून दिलात आणि आत आइसक्रीम! आइसक्रीम वाईट नाही गं मनू. पण मी पुऱ्या तळून बसलो होतो." बाणाचा तर त्याला भयंकर राग. "चाळीस वर्षं या दिल्लीत 'सीधे जाके लेफ्ट' ऐकून चुकलो, म्हणून दिल्ली कळली." पोलंडमधल्या कुणा एकानं मात्र त्याला उत्तर लिहिलं होतं, की माझ्याही सहा जणांत माझे वडील आहेत, आता त्यांना कुठे नेऊ? मामानं ते मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

त्यानं तो नवा गेम पुन्हा उघडला नाही. नव्या कॉम्प्यूटरवर खटपट करून जुनी गुहाच बसवली आणि बातम्या पुन्हा सुरू झाल्या.

मागच्या थंडीत मामा गेला. सकाळी चहा ठेवला होता, शेजारच्यांना जळका वास आला. गॅस दोनदा बघणारा माणूस. बंटी कॅनडाहून धावत आला. आम्ही सगळे पुन्हा त्याच घरात, आणि या वेळी बोलवायला तो नव्हता.

दिवसकार्य झालं आणि निघायची वेळ आली. खाली टॅक्सी उभी होती. बंटी सवयीप्रमाणे सामान घेऊन सर्वांच्या पुढे, लिफ्टमध्येसुद्धा शिरला होता. आम्ही चपला घालून दाराशी आलो आणि आई बोलून गेली, "सगळे आले का?"

कुणी हो म्हणेना आणि कुणी उंबरठाही ओलांडेना. बाबा खिसे चाचपत राहिले, मी बॅगेची चेन उगाच उघडझाक केली. आम्ही कुणाची वाट बघतोय हे आम्हा तिघांनाही कळत होतं. काय वाटेल ते झालं असतं तरी त्या क्षणी माझा पाय त्या दाराबाहेर पडला नसता.

लिफ्टचं दार वाजलं. बंटी सामान तिथेच टाकून परत आला होता. आमच्यातून वाट काढत तो आत गेला. स्वयंपाकघरात जाऊन गॅस बघितल्याचा आवाज आला. मग आमच्या पाठीमागे येऊन उभा राहिला आणि अडखळत, जन्मभर ज्यावर आम्ही हसलो त्या आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला,

"तुम्ही व्हा पुढे. मी... आलोच."