इंग्रजीत दिलेला शब्द

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि एक काढायला जावं तर चार अंगावर येतात. परवा नातीच्या शाळेत पालकसभा होती. एक बाई मुलांच्या स्वातंत्र्यावर छान इंग्रजीत बोलल्या. सगळे माना डोलवत होते आणि मी एकटाच हसत होतो. सूनबाईंनी दोनदा कोपर मारलं. पण मी काय करू? माझ्या डोळ्यांसमोर रिसोड होतं!

एकोणीसशे पन्नासच्या पुढची ती वर्षं. मी वऱ्हाडात, रिसोडला एका हायस्कुलात गणित शिकवायचो. आमचे हेडमास्तर काशीकर हे मूळचे नागपूरचे. उंच, सडपातळ, आणि मुलांवर हात न उचलणारे. तेव्हा छडी न मारणारा मास्तर म्हणजे गावाला जरा संशयास्पदच वाटायचा.

०

एकदा इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले. काशीकरांनी मोठ्या हौसेनं पालकांना बोलावलं होतं. साहेबांनी पालकांकडे वळून इंग्रजीत विचारलं, "तुमच्या मुलांच्या शिक्षणाबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

पालकांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांना वाटलं, आवाज पोचला नसावा. त्यांनी तोच प्रश्न जरा मोठ्यानं विचारला. पालकांनीही मग जरा मोठ्यानं टाळ्या वाजवल्या! शेवटी एक म्हातारे गृहस्थ उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं साहेबांच्या गळ्यात हार घालून टाकला. त्यानंतर विचारायला काही उरलंच नाही.

काशीकर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "दर रविवारी दुपारी पालकांसाठी इंग्रजीचा वर्ग. फी नाही. एका रविवारी एकच वाक्य. आठवडाभर ते घरी पोरांशी बोलायचं आणि पुढच्या रविवारी काय झालं ते सांगायचं."

मला वाटलं, कुत्रं फिरकणार नाही. पण वर्ग भरला. आपली पोरं इंग्रजीत काय पुटपुटतात ते कळावं, असं प्रत्येक बापाला वाटत होतं.

०

पहिलं वाक्य होतं, "आय अ‍ॅम प्राउड ऑफ यू." मला तुझा अभिमान वाटतो.

किराणा दुकानाचे हिरालाल शेठ आठवडाभर हे वाक्य गल्ल्यावर बसून घोकत होते. शनिवारी त्यांचा धाकटा मुलगा गणितात पास होऊन आला. शेठ उठले, त्याच्यासमोर उभे राहिले, आणि छाती फुगवून वाक्य म्हणाले.

पोरानं भोकाड पसरलं!

त्याचं तरी काय चुकलं? बापानं आजवर समोर उभं राहून जे काही केलं होतं ते मारण्यासाठीच. शेठाणी आतून धावत आल्या. म्हणाल्या, "पास होके आया तो भी मारा?" शेठ घाबरले. त्यांनी घाईघाईनं बरणीतून बत्तासे काढून पोराच्या हातात कोंबले.

रविवारी त्यांनी वर्गात विचारलं, "मास्टरजी, इस वाक्य के साथ कुछ देना पडता है क्या?"

काशीकर म्हणाले, "काही नाही. पाठीवरून हात फिरवायचा."

पुढच्या आठवड्यात शेठनी हात फिरवला. पोरगं तसंच उभं राहिलं. म्हणालं, "और बत्तासे?"

०

आमच्या वर्गाचा खरा कायदा मात्र काशीकरांनी केला नाही, तो रहीमचाचांनी केला.

रहीमचाचा बाजारात शिवणकाम करायचे. त्या आठवड्याचं वाक्य होतं, "यू मे चूज." तू तुझं निवड. चाचा घरी गेले आणि लेकाला म्हणाले, "ईदचा सदरा शिवाचा हाय. यू मे चूज!"

पोरानं दुकानभर फिरून गोधडीच्या खोळीसाठी आणलेलं कापड निवडलं. लालभडक, आणि त्याच्यावर कोबीच्या गड्ड्याएवढी फुलं. चाचांनी निमूटपणे माप घेतलं आणि सदरा शिवला. सोमवारी पोरगं तो घालून शाळेत आलं. त्या दिवशी कोणत्याच वर्गात शिकवणं झालं नाही.

मी म्हटलं, "चाचा, नाही म्हणायचं होतं की!"

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चोरी करायला सांगितली. "कसं म्हनू, मास्तर? आपल्या बोलीत म्हनलो असतो तं फिरवला असता शब्द. आपन तं रोजच फिरवतो. पन इंग्रजीत बोललो ना मी!"

साऱ्या वर्गानं माना हलवल्या. त्यांचंही बरोबर होतं. जन्मभर त्यांनी इंग्रजी ऐकली होती ती कोर्टातली आणि कचेरीतली. तिथं इंग्रजीत एकदा काही निघालं, की ते ब्रह्मदेवाच्या बापालाही फिरवता येत नसे. तेव्हापासून ठरून गेलं. मराठीत बोललेलं बोलणं, आणि इंग्रजीत बोललेला तो शब्द!

काशीकरांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. पण मला वाटतं, मनातून ते खूश झाले.

०

हा कायदा पुढं काशीकरांवरच उलटला.

त्यांचा मुलगा बाळ चांगला बारा वर्षांचा घोडा, आणि हे त्याच्या सदऱ्याची बटणं लावून द्यायचे. वर्गात मात्र फळ्यावर वाक्य, "पोराला त्याच्या चुका करू द्या." बाळला सायकल शिकवायला काशीकर बाजारातून निघाले. बाळ पुढं, आणि हे कॅरिअर धरून धोतर सावरत मागं.

"बाबा, सोडा की!"

"सोडलंय रे, सोडलंय!"

आणि हात तर कॅरिअरला घट्ट! अख्खा बाजार हसत होता. त्या टोकापासून या टोकापर्यंत काशीकर "सोडलंय, सोडलंय" ओरडत पळत होते. तेवढ्यात रहीमचाचांनी मशीनवरून मान वर केली आणि हाक दिली, "ओ सर, इंग्रजीत सांगा! म्हंजे सुटते!"

काशीकरांनी धावता धावता चाचांकडे पाहिलं. मग खरोखरच म्हणाले, "गो!" आणि त्यांचे हात सुटले.

बाळ थेट हिरालाल शेठच्या वाळत घातलेल्या मिरच्यांत गेला. शेठ ओरडत होते, बाळ शिंकत होता, आणि काशीकर चष्मा काढून डोळे पुसत होते. मी म्हटलं, "सर, मिरची फारच झोंबली वाटतं." ते म्हणाले, "हो, हो, मिरचीच."

०

आता पाटलांचं सांगतो, कारण ह्या सगळ्या वर्गाचा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता.

आप्पाजी पाटील केनवडचे. वीसेक एकर काळी जमीन, भरघोस मिशा, आणि डोक्याला पागोटं. दर रविवारी रेंगीला बैल जुंपून वर्गाला यायचे. त्यांची थोरली मुलगी कमल रिसोडला आत्याकडे राहून आमच्या शाळेत मॅट्रिकला बसली होती. फार हुशार मुलगी. तिला पुढं अकोल्याला कॉलेजात जायचं होतं, वसतिगृहात राहायचं होतं. केनवडातून एकही मुलगी तोवर अशी गेली नव्हती.

पाटील काही नाही म्हणत नव्हते. कोणी विचारलं की म्हणायचे, "जाय ना! म्या कवा अडवलं?" आत्याला म्हणाले, काशीकरांना म्हणाले, पाणक्यालासुद्धा म्हणाले. पण कमल आमचीच विद्यार्थिनी. तिला वर्गाचा कायदा पाठ होता. ती म्हणाली, "आबा, इंग्रजीत म्हना."

पाटलांचा घसा बसला!

तो जो बसला तो बसलाच. एरवी बैलांवर ओरडायला आवाज, पंचायतीत भांडायला आवाज, पण कमल समोर आली की पाटील गळ्याला हात लावायचे. पाटलीणबाई ज्येष्ठमध उगाळून उगाळून थकल्या. एका रविवारी त्या स्वतः रेंगीत बसून आल्या आणि काशीकरांना म्हणाल्या, "सर, ह्याइच्या घशाले काही झालं नाही. रोज रातच्याले पोट्टीच्या नावानं जप करून राह्यले. ते तिकडं एकटी कशी राहीन, कशी राहीन!"

पाटील म्हणाले, "तू कायले आली इथं?" आवाज एकदम खणखणीत. सगळा वर्ग हसला, आणि पाटलांनी पुन्हा गळ्याला हात लावला.

हसलो खरे आम्ही. पण त्या माणसाची मला दया येई. मुलीवर त्याचा जीव होता. वर्गाआधी आत्याकडे तिनं घोकून घेतलेली वाक्यं तो वर्गात सगळ्यांपेक्षा चोख म्हणायचा, आणि नेमकं तेच एक वाक्य त्याला तिच्यापासून तोडणार होतं.

०

मॅट्रिकचा निकाल लागला. कमल पहिल्या वर्गात आली. आता अकोल्याला नाव घालायचं तर चार दिवसांत घालायला हवं होतं.

त्या रविवारी काशीकरांनी मुद्दाम फळ्यावर लिहिलं, "शी कॅन गो." ती जाऊ शकते. एकेकानं उठून म्हणायचं होतं. शेठ म्हणाले, चाचा म्हणाले. मग पाटलांची पाळी आली. दाराशी आत्याच्या शेजारी कमल उभी होती. ती बापाकडे बघत नव्हती, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती.

पाटील उठले. पागोटं काढलं आणि पुन्हा घातलं.

"सर, याच्या मांगं 'बट' लावता येते का?"

"नाही."

"मंग 'इफ'?"

"नाही हो पाटील. एवढंच वाक्य आहे."

वर्गात कोणी हसलं नाही. पाटलांनी एकदा दाराकडं पाहिलं. कमलनं तेव्हाच मान वर केली. आणि पाटील म्हणाले, "शी कॅन गो." मग स्वतःच्या मनानं, फळ्यावर नसलेला एक शब्द त्यांनी पुढं जोडला, "अलोन!"

एकटी!

टाळ्यांचा कडकडाट झाला. कमल तोंडाला पदर लावून आत्याच्या खांद्यावर पडली. काशीकर खडूनं माखलेल्या हातांनी टाळ्या वाजवत होते. पाटील मात्र खाली बसले ते पिकावरून टोळधाड गेल्यासारखे.

रहीमचाचा हळूच त्यांच्या कानाशी लागले. "पाटील, तिच्यासंगं अकोल्यापावतर जाता आलं असतं ना तुमाले. अलोन काहून बोलले?"

"निंघून गेलं ना, बाप्पा, तोंडातून!" पाटील म्हणाले. "तिनं शिकवला व्हता तो शब्द. मले येते, हे दाखवाचं व्हतं तिले."

०

कमल निघाली त्या दिवशी मलाही शाळेच्या बाकांच्या कामासाठी वाशीमला जायचं होतं. रिसोडहून निघालेली मोटर वाशीमवरून पुढं अकोल्याला जायची. स्टँडवर सगळा वर्ग हजर होता. शेठनी बत्तासे दिले, चाचांनी शिवलेली पिशवी दिली. पाटील ट्रंक टपावर चढवून खाली उतरले. कमलच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जाय बाई. चिठ्ठी लिहिजो." आणि मागं वळूनही न पाहता रेंगीत बसून बैलांना हाकलत निघून गेले. शब्दाचा पक्का माणूस, असं सगळे म्हणाले.

मोटर सुटायला नेहमीप्रमाणे उशीर झाला. ड्रायव्हरनं चहा घेतला, इंजिनात पाणी घातलं, मग ती एकदाची हलली. गावाबाहेर नाक्यावर एका माणसानं हात दाखवला. जूनचा उकाडा, आणि हा डोक्यापासून पायापर्यंत घोंगडी पांघरलेला! घोंगडी सरळ मागच्या बाकावर जाऊन बसली. कंडक्टर "रामराम पा—" एवढं म्हणाला आणि बाकीचं त्यानं गिळलं. केनवडचे ते टाचेला नाल ठोकलेले जोडे कोण ओळखणार नाही? मी खिडकीबाहेर बघू लागलो. कमल पुढच्या बाकावर ताठ बसली होती. तिनं एकदाही मागं पाहिलं नाही.

कंडक्टर मागून तिकिटं फाडत आला. घोंगडीजवळ थांबला. आतून दबका आवाज आला, "अकोला." पैशासाठी हात बाहेर येऊ लागला, तेवढ्यात पुढून कमल म्हणाली, "थांबा. त्याइचंबी तिकीट मी काढतो."

कंडक्टर पुढं आला. "म्हंजे दोन अकोला?"

"एक अकोला," कमल समोरच बघत म्हणाली. "आन् ते मांगं घोंगडीवाले हायेत ना, त्याइचं वाशीमचं फाडा. तिथून त्याइले परतीची मोटर भेटते. घरी माय वाट पाहून राह्यली त्याइची."

कंडक्टरनं मागं पाहिलं. पैसे धरलेला हात पुन्हा घोंगडीत गेला.

मग आतून आवाज आला, "ऑल राइट."